विंच, वाहनावरील

वाहनाच्या चासीला पक्के बसवलेले, दोर गुंडाळून ओढणारे यंत्र. आडवा ड्रम, त्याला फिरवणारी मोटार, मोटारीचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रे आणि ओढ थांबल्यावर ड्रम धरून ठेवणारा ब्रेक हे त्याचे मुख्य भाग. विहिरीवरचा रहाट याच घराण्यातला. मराठवाड्यात विहीर खोदताना दगड-मुरूम वर काढणारी यारी हीसुद्धा नात्यातलीच, पण ती उचलण्यासाठी बांधलेली असते. वाहनावरचा विंच फक्त ओढण्यासाठी असतो.

अशा विंचची गरज ईटसारख्या गावी कळते. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातले हे गाव बालाघाटच्या मुलखात येते. या भागात माळावर मुरूम आणि सखल रानात काळी जमीन. काळीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा लिंपून टाकते. खाचा भरल्या की नवा टायरही गोट्या टायरसारखा जागीच फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला गाडी आणखी खाली बसते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा शिवारातल्या वाटांची जी दशा झाली, ती पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. गाडी फसली की ट्रॅक्टर बोलावून टोचन लावायचे, ही इकडची रीत. विंच असलेली गाडी हेच काम स्वतःच्या बळावर करते, शिवाय हिसका न देता, सावकाश करते.

विंच निवडताना गाडीच्या भारासह एकूण वजनाच्या किमान दीडपट क्षमता धरावी, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे दोन टनांच्या गाडीला तीन टन. काळ्या रानात मात्र एवढ्यावर भागत नाही. चाके चिखलात गेली असतील तर गाडी हलवायला ढोबळमानाने तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, बोनेटपर्यंत गेली असेल तर तिप्पट. चढ असेल तर दर १५ अंशांना वजनाचा साधारण चौथा हिस्सा आणखी. याच कारणाने अशा गाड्यांवर ९५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४३०० किलोंचा विंच नेहमी दिसतो.

हा आकडाही पुरता खरा नाही. तो ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराचा असतो. दोराचे थर चढतात तसा ड्रम जाड होतो आणि दर थराला ओढ साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. चौथ्या थरावर त्याच ४३०० किलोंचे तीन हजारांच्या आसपास उरतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे दूरचा आधार घेऊन जास्त दोर सोडणे. मात्र तारेचे पाच आणि कृत्रिम दोराचे आठ-दहा वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर भाराने दोराचे टोकच निसटते. दुसरा उपाय कप्पीचा. झाडाला कप्पी बांधून दोर परत गाडीच्या हुकाला आणला की ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा होतो. पण मग झाडावरही दोरातल्या ताणाच्या दुप्पट भार येतो, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात असावे लागते.

या सगळ्याहून स्वस्त साधन म्हणजे खोरे. मडगार्डपर्यंत बुडालेल्या गाडीपुढचा चिखल काढून चाके मोकळी केली की लागणारी ओढ निम्म्यावर येते. ज्या ओढीसाठी महागडा विंच घ्यावा लागतो, तिची गरजच अर्ध्या तासाच्या खोदाईने कमी होते. विंच घेणाऱ्याने गाडीत आधी खोरे ठेवावे, हे आमचे ठाम मत आहे.

दोर दोन प्रकारचे. तारेचा दोर घासणी आणि ऊन सोसतो, पण जड असतो आणि ताणात तुटला तर चाबकासारखा उलटतो. जुन्या दोरावर तुटलेली एखादी तार ज्वारीच्या कुसळासारखी उभी राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, दोरावरून चिंधी फिरवली की अडकते. म्हणून तो जाड चामडी हातमोजे घालून, एका हातानंतर दुसरा हात टाकत धरायचा असतो, तळव्यातून सरकू द्यायचा नसतो. कृत्रिम दोर हलका असतो, पाण्यावर तरंगतो आणि तुटला तरी कमी ऊर्जेने उडतो. मात्र दगडाच्या धारेवर तो कापला जातो आणि उष्णतेने मऊ पडतो. दोर ड्रमकडे वळवणाऱ्या तोंडात, म्हणजे फेअरलीडमध्ये, तारेला रोलर लागतात, कृत्रिमाला गुळगुळीत ॲल्युमिनियमची चौकट. तारेने खरवडलेल्या रोलरवर कृत्रिम दोर चालवू नये.

आधारासाठी जिवंत, जाड लिंब किंवा चिंच चांगली. दोर थेट खोडाला गुंडाळून त्याच्याच हुकात अडकवू नये, कारण त्याने साल कापते आणि दोरही मोडतो. तीन इंच रुंदीचा पट्टा बुंध्याला शक्य तितका खाली बांधून त्यात शॅकल घालावे. विजेचा खांब किंवा विहिरीचा कठडा यांना हात लावू नये. ट्रॅक्टर ओढायला लावलाच, तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच हवी. ती वर, सीटमागच्या जोडाला लावली आणि मागची चाके अडली तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालकावर पालथा होतो. उडी मारायला तेवढा वेळ मिळत नाही. टोचनात ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवणेही तितकेच घातक, कारण तुटलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

ओढताना दोराच्या मधोमध ओले पोते किंवा जाड ताडपत्री टाकावी. बघ्यांना ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे करावे. गावात गाडी फसली की पोरे सर्वांत आधी दोरापाशीच येतात, म्हणून हे काम एका माणसाकडे सोपवून मगच बटण दाबावे. ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये.

१२ व्होल्टचा विद्युत विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास वीज खातो. एवढी वीज अल्टरनेटर देऊ शकत नाही, ती बॅटरीतूनच जाते. म्हणून इंजिन चालू ठेवून थोडे ओढावे आणि मोटार निवू द्यावी. गिअरपेटीवर किंवा हायड्रॉलिक पंपावर चालणारे विंच अखंड काम करतात, पण इंजिन बंद पडले की तेही बंद.

विहिरीत पडलेले जनावर किंवा उतरणारा माणूस या विंचला कधीही टांगू नये. अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. भार खाली सोडताना तो तापतो आणि त्याच ड्रमवरचा कृत्रिम दोर पोळून कमजोर होतो. त्या कामाला यारी किंवा अग्निशमन दल.

भारतात विंचची खरी कसोटी २०१४ मध्ये गोव्यात ऐन पावसाळ्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेत दिसते. रस्त्यावरच्या गाडीवर विंच बसवताना मात्र कायदाही पाहावा लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार व क्रॅशगार्ड यांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली आक्षेप घेतला. विंचसाठी जड लोखंडी बंपर लावणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात विचारलेले बरे.

काम झाल्यावर काळी माती दोरात वाळू देऊ नये. तिच्यातले बारीक कण आतून धागे कापतात. दोर पूर्ण सोडून पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि हलका ताण ठेवून, वेढ्याला वेढा चिकटवून पुन्हा भरावा. सैल भरला तर पुढच्या ओढीला वरचा वेढा खालच्या थरात रुततो.