ब्लूज, जॅझ आणि भीमगीते : कवीचे नाव टिकले पाहिजे

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवरची पिळवणूक संपली नाही. त्याच कृष्णवर्णीय समाजाने ब्लूज आणि जॅझ हे संगीत जगाला दिले. त्यातले काही कलावंत आपल्या तरुणांना माहीत असायला हवेत.

लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) : न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीतला मुलगा. त्याच्या ट्रम्पेटने जॅझमध्ये एकल वादनाला मानाचे स्थान मिळवून दिले.

बिली हॉलिडे (१९१५-१९५९) : झुंडीने मारून झाडाला लटकावलेल्या कृष्णवर्णीयांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे तिने १९३९ साली गायले. नेहमीच्या कंपनीने नकार दिला, तेव्हा ते तिने एका छोट्या कंपनीकडून काढले.

मडी वॉटर्स : मिसिसिपीतला शेतमजूर. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स यांनी अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी त्याची गाणी मळ्यावर जाऊन ध्वनिमुद्रित केली. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि तिथे त्याने विजेच्या गिटारवर ब्लूज नव्याने उभा केला.

गावाकडून कारखान्याकडे जाणारी ही वाट आपल्या ओळखीची आहे. रत्नागिरीच्या गावागावांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) असेच मुंबईला आले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली आणि १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले. त्याआधी भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोहोचवला होता. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी तो घराघरांत नेला. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ साली शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्या घटनेचा घाव किती खोल होता, हे त्यावरून कळते.

ब्लूजच्या इतिहासात एक इशाराही आहे. ‘हाउंड डॉग’ हे गाणे १९५२ साली आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ध्वनिमुद्रित केले. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने ते गायले आणि जगाला त्याचेच नाव लक्षात राहिले.

आपल्याकडे हे आणखी सहज घडते. आपले अनेक कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर दोन कडवी वाजवून गाणे तोडले की कवीचे नावही तिथेच तुटते. गाणे राहते, माणूस पुसला जातो. ज्यांची नावे इतिहासाने कधी लिहिली नाहीत, त्यांनी आपल्याच कवीचे नाव गाळावे, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून पाली आणि आसपासच्या बौद्धवाड्यांतील तरुणांना आमचे आवाहन आहे. जुनी गाणी मुखोद्गत असलेल्या आजी-आजोबांकडे जा. मोबाइलवर पूर्ण गाणे, शेवटच्या कडव्यासकट, मुद्रित करा. कवी, गायक, गाव आणि साल वहीत लिहा. लोमॅक्स मळ्यावर यंत्र घेऊन गेले होते. आपले यंत्र तर आपल्या खिशातच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!