मोल मोजायचे, पण कशाचे?

परवा भाचीचा फोन आला. यंदा अकरावीला गेली आहे. "मामा, ते वस्तुमानाचं मोलमध्ये रूपांतर सांग ना."

मी ऐटीत म्हणालो, "सोप्पंय गं! दिलेलं वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान. ३६ ग्रॅम पाणी भागिले १८, झाले २ मोल."

"हो, पण भागून जे येतं तेवढे कण भांड्यात खरंच सुटे फिरत असतात का?"

"परीक्षेत असलं काही विचारत नाहीत," म्हणून मी फोन ठेवला. आणि चपापलो. पंचवीस वर्षांपूर्वी मी वर्गात हाच प्रश्न विचारला होता आणि मला अगदी हेच उत्तर मिळालं होतं. तेव्हा किती राग आला होता!

मग वाचायला बसलो. पहिली गंमत त्या शब्दाचीच निघाली. 'मोल' हा शब्द रसायनशास्त्रात रूढ केला तो १८९० च्या दशकात लाइपझिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी. पण त्या काळात त्यांचा अणू-रेणूंच्या अस्तित्वावर विश्वासच नव्हता! त्यांच्या लेखी मोल म्हणजे ग्रॅममधलं एक ठरावीक वजन, कणांची संख्या नव्हे. १९०९ च्या सुमारास, जाँ पेरँ वगैरेंचे प्रयोग पाहून, त्यांनी अणू मान्य केले. आणि २० मे २०१९ पासून तर मोलच्या व्याख्येतून वजन पार हद्दपार झालं. आता एक मोल म्हणजे बरोब्बर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. वजन म्हणून जन्मलेला शब्द सव्वाशे वर्षांत संख्या झाला.

दुसरी गंमत मात्र आपल्या पुण्यातली. पाषाण रस्त्यावरून जाताना एनसीएलची इमारत आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे मूळचे कॅनडाचे, काही काळ लाइपझिगलाही शिकलेले. त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय काय, तर साबणाचं पाणी!

साबणातलं सोडियम पाल्मिटेट घ्या. त्याचे २७८ ग्रॅम म्हणजे एक मोल. पाण्यात विरघळल्यावर त्याचे दोन-दोन आयन सुटे व्हायला हवेत. द्रावणात सुटे कण किती, हे त्याचा बाष्पदाब किती उतरतो यावरून कळतं. मॅकबेन ब्रिस्टलला होते तेव्हा असं दिसलं, की दाट साबणाच्या द्रावणात हा परिणाम हिशेबापेक्षा फारच कमी पडतो. म्हणजे सुटे कण कमी. पण वीज तर झकास वाहते! मग उरलेले कण गेले कुठे? १९१३ मध्ये त्यांनी मांडलं, की साबणाचे आयन घोळके करून राहतात आणि ते घोळकेच वीज वाहतात. यांनाच आज मायसेल म्हणतात.

म्हणजे भागाकार चुकलेला नसतोच. पालखी पुण्यात येते तेव्हा वारकरी किती आले हा एक प्रश्न आणि दिंड्या किती आल्या हा दुसरा. तराजू आणि भागाकार मिळून वारकरी सांगतात. बाष्पदाब सांगतो तो सुट्या चालणाऱ्यांचा आकडा, आणि त्यात अख्खी दिंडी एकच धरली जाते. या दोन आकड्यांत फरक निघाला म्हणून तर मॅकबेन यांना घोळक्यांचा सुगावा लागला. 'सूत्र चुकलं' म्हणून सोडून दिलं असतं तर?

रात्री भाचीला पुन्हा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न बावळट नव्हता तर."

नव्हता गं बाई. माझाही नव्हता.