तारण ठेवलेली स्मृती

सरकारी सेवेत काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला अभिलेख कक्ष परिचित असतो. लाल कापडात बांधलेले बस्ते, लोखंडी मांडण्या आणि जुन्या कागदाचा वास. सेवेच्या आरंभी अशा एका कक्षाचा कार्यभार स्वीकारताना मी बस्ते मोजून नोंदवहीत स्वाक्षरी केली होती. बस्त्यांत काय आहे, हे पाहिले नव्हते. ती चूक आठवण्याचे निमित्त झाले शिकागोतील एका प्रकाशनसंस्थेचा इतिहास.

१९४२ साली जॉन एच. जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाने आईच्या घरातील सामान तारण ठेवून ५०० डॉलर्सचे कर्ज काढले व 'नीग्रो डायजेस्ट' हे मासिक सुरू केले. १९४५ मध्ये 'एबनी' आणि १९५१ मध्ये 'जेट' ही नियतकालिके निघाली. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांत कृष्णवर्णीय माणूस प्रायः गुन्हेगार म्हणून दिसे. या पानांवर तो शिक्षक, डॉक्टर, गायक, गृहिणी म्हणून दिसू लागला. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची निर्घृण हत्या झाली. जगाने हे पाहावे म्हणून त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली, आणि 'जेट'ने ते छायाचित्र छापले. नागरी हक्कांच्या चळवळीतील अनेकांनी पुढे त्या छायाचित्राचा उल्लेख केला आहे. भारताचा दौरा केल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपले अनुभव लिहिले तेही १९५९ च्या 'एबनी'तच.

छापील जाहिरातींचा काळ ओसरला तशी संस्था खालावली. २०१६ मध्ये नियतकालिके विकली गेली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मागे उरला तो छायाचित्रांचा संग्रह : चाळीस लाखांहून अधिक प्रती व निगेटिव्ह. तोही कर्जापोटी तारण होता. आईच्या सामानाच्या तारणावर उभी राहिलेली संस्था शेवटी एका समाजाच्या स्मृतीचे तारण देऊन संपली. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. धनकोला आपले पैसे हवे होते, आणि हा संग्रह तुकड्यातुकड्यांनी खासगी संग्राहकांच्या हाती जाणे सहज शक्य होते.

जुलै २०१९ च्या लिलावात फोर्ड, मॅकआर्थर व मेलन ही प्रतिष्ठाने आणि गेटी न्यास यांनी एकत्र येऊन तीन कोटी डॉलर्सना संपूर्ण संग्रह विकत घेतला. २०२२ मध्ये त्याची मालकी लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेकडे आणि वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयाकडे संयुक्तपणे सोपवण्यात आली. वर्गीकरण व डिजिटायझेशनसाठी गेटीने आणखी तीन कोटी डॉलर्सची तरतूद केली.

प्रशासकाने येथे थांबून विचार करावा. जितके पैसे खरेदीला लागले, तितकेच पुढच्या कामाला बाजूस काढले गेले. आपल्याकडे खरेदीचे उद्घाटन होते. सूची करण्याचे काम मात्र 'यथावकाश' या शेऱ्याखाली पडून राहते. स्कॅनर हे यंत्र केवळ प्रतिमा देते. त्या प्रतिमेतील माणूस कोण, गाव कोणते, साल कोणते, हे जाणकारालाच लिहावे लागते. नाव नोंदवले नाही तर संगणकावरील चित्रही बांधलेल्या बस्त्याइतकेच मुके राहते.

याच्या उलट अनुभवही मी घेतला आहे. १९४६ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जतन करून संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रापासून दूर राहत असताना एका रात्री मी ते घरबसल्या वाचले. अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य त्यात बाबासाहेबांनी मांडले आहे. कोणीतरी त्या पत्राची तारीख, लेखक आणि विषय नीट नोंदवले होते, म्हणूनच ते मला सापडले.

त्या जुन्या नोंदवहीत माझ्या स्वाक्षरीवर बस्त्यांचा आकडा आजही असेल. आकडा बरोबर होता. पण त्या आकड्याच्या आधारे तिथला एकही कागद कोणाला शोधता आला नसता.