परवलीच्या शब्दाचे स्थलांतर : अपाचे कॅमल व व्हॉल्ट यांच्या जोडणीची पूर्वपीठिका

१

संगणकविद्येच्या इतिहासात यंत्रांचा, भाषांचा व कारखानदारीचा वृत्तान्त विपुल आढळतो. परंतु एका कार्यक्रमाने दुसऱ्या कार्यक्रमाला आपली ओळख कशी पटवावी, आणि त्या ओळखीचे गुपित कोठे सांभाळावे, या प्रश्नाचा वृत्तान्त सहसा स्वतंत्रपणे मांडला जात नाही. जावा भाषेतील एकात्मीकरणाच्या ‘अपाचे कॅमल’ या चौकटीला ‘व्हॉल्ट’ ही गुपिते सांभाळणारी सेवा इ. स. २०२२ मध्ये जोडली गेली. वरवर पाहता ही घटना क्षुल्लक वाटते : एका ग्रंथालयात आणखी एका घटकाची भर पडली, एवढेच. तथापि तिच्या मागे सुमारे साठ वर्षांचा विचार उभा आहे. आणि त्या विचाराच्या प्रकाशात पाहिल्यावाचून या जोडणीने नेमके काय साधले व काय साधले नाही, याचा उलगडा होत नाही.

इ. स. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने सैनिकी गूढलेखनावरील आपल्या निबंधात एक तत्त्व प्रतिपादिले. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्तता असावी ती केवळ किल्लीत. हे तत्त्व पुढे सर्वमान्य झाले. परंतु गुप्ततेचा सारा भार किल्लीवर टाकला की ‘किल्ली कोठे ठेवावी?’ हा प्रश्न ओघानेच येतो. पुढील इतिहास हा बहुतांशी याच प्रश्नाचा इतिहास होय.

२

संगणकावर परवलीचा शब्द प्रथम रूढ केला तो मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ‘सीटीएसएस’ या कालविभाजन-पद्धतीने. फर्नांदो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तिचे पहिले प्रात्यक्षिक इ. स. १९६१ मध्ये झाले. एकच यंत्र अनेकांनी वापरायचे, म्हणून प्रत्येकाच्या लेखांना कुलूप हवे, हा त्यामागील साधा हेतू होता. सर्वांचे परवलीचे शब्द मात्र एकाच लेखात, उघड्या स्वरूपात साठविलेले असत. त्या दशकाच्या मध्यास एका दुपारी विलक्षण प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळे लेख दुरुस्त करीत होते. संपादनाच्या साधनाने दोघांच्या तात्पुरत्या प्रतींना एकच नाव दिले. आणि यंत्रावर प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास ‘आजची सूचना’ दिसण्याऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. कॉर्बातो यांनी आपल्या ट्यूरिंग व्याख्यानात ही हकिगत स्वतः सांगितली आहे. येथे कोणी चोरी केली नव्हती. गुपित उघड्या लेखात ठेवले, एवढाच दोष होता.

या दोषावर उपाय सुचविणारा रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांचा निबंध इ. स. १९७९ च्या नोव्हेंबरात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात प्रसिद्ध झाला. परवलीचा शब्द मुळात साठवूच नये. त्यावर उलट न फिरविता येणारी प्रक्रिया करून तिचे फळ तेवढे साठवावे. आणि प्रत्येक शब्दात थोडे ‘मीठ’ मिसळावे, म्हणजे सारखे शब्दही निराळे दिसतील, असा त्यांचा उपाय. त्यांनी ३,२८९ परवलीचे शब्द तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे ८६ टक्के अल्पायासाने शोधता येण्याजोगे निघाले.

योगायोग असा की त्याच मासिकाच्या त्याच अंकात आदी शामीर यांचा ‘गुपित कसे वाटून घ्यावे’ या विषयावरील अवघ्या दोन पानांचा लेख आहे. अकरा शास्त्रज्ञांपैकी कोणतेही सहा एकत्र आले तरच कपाट उघडावे, अशी योजना साध्या कुलपांनी करावयाची झाल्यास ४६२ कुलपे लागतात, व प्रत्येक शास्त्रज्ञाला २५२ किल्ल्या बाळगाव्या लागतात. शामीर यांनी याऐवजी बहुपदींच्या गणिताने एकाच गुपिताचे असे वाटे पाडून दाखविले की ठरलेल्या संख्येइतके वाटे जमले तर गुपित पुरे उलगडते, आणि एकही वाटा कमी पडला तर काहीच कळत नाही. मॉरिस-टॉम्प्सन यांचा उपाय तत्काळ व्यवहारात रुळला. शामीर यांचे गणित प्रस्तुत विषयात उपयोगी पडण्यास आणखी छत्तीस वर्षे जावी लागली.

३

मॉरिस-टॉम्प्सन यांच्या उपायाची एक मर्यादा येथे स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढील सर्व अडचण तिच्यातून उद्भवली आहे. दारावरच्या पहारेकऱ्याला परवलीचा शब्द माहीत असण्याची गरज नसते. आलेला शब्द बरोबर की चूक एवढे ताडता आले की पुरे. म्हणून त्याच्याजवळ केवळ प्रक्रियेचे फळ असले तरी चालते. परंतु जो दाराशी जाऊन शब्द उच्चारणार, त्याला मात्र तो मूळ रूपातच ठाऊक असला पाहिजे. एकात्मीकरणाचा कार्यक्रम हा स्वभावतःच दुसऱ्यांच्या दारांशी जाणारा दूत आहे. तो एका बाजूने विदासंग्रह वाचतो, दुसऱ्या बाजूने संदेशांच्या रांगेत निरोप टाकतो, तिसऱ्या बाजूने दूरच्या यंत्रावर लेख पोचवितो. आणि प्रत्येक दाराशी त्याला वेगळा परवलीचा शब्द उच्चारावा लागतो. पहारेकऱ्यासाठी शोधलेला उपाय दूताच्या कामाचा नाही.

अपाचे कॅमलचा जन्म याच दौत्यकर्मासाठी झाला. ग्रेगर होपे व बॉबी वुल्फ यांनी इ. स. २००३ मध्ये संदेशांच्या देवघेवीचे ६५ आकृतिबंध ग्रंथरूपाने एकत्र केले होते. ते आकृतिबंध जावामध्ये प्रत्यक्ष वापरता यावेत, म्हणून जेम्स स्ट्रॅकन प्रभृतींनी ‘ॲक्टिव्हएमक्यू’ या प्रकल्पाच्या छत्राखाली इ. स. २००७ मध्ये कॅमलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. इ. स. २००८ च्या अखेरीस तो अपाचे प्रतिष्ठानचा स्वतंत्र प्रकल्प झाला. कॅमलमध्ये प्रत्येक टोकाचा पत्ता एका ओळीत लिहिला जातो. यंत्राचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्दही त्या एकाच ओळीत सामावू शकतो. ही सोय मोठी. परंतु सोयीबरोबर धोकाही आला. पत्ता नोंदवहीत छापला की परवलीचा शब्दही छापला जाणार. म्हणून कॅमलच्या कर्त्यांना नोंदी छापताना असे शब्द फुल्यांनी झाकण्याची व्यवस्था करावी लागली.

परवलीचा शब्द कार्यक्रमाच्या मजकुरातून बाहेर काढणे, ही पुढची पायरी होय. जावाच्या पहिल्या, इ. स. १९९६ च्या आवृत्तीपासूनच ‘प्रॉपर्टीज’ लेखांची सोय होती. कॅमलनेही पत्त्यात दुहेरी महिरपी कंसांत केवळ नाव लिहावे व मूल्य अशा लेखातून घ्यावे, ही पद्धत स्वीकारली. परंतु शब्द उघडाच राहिला. फक्त एका लेखातून दुसऱ्यात गेला. यावर ‘जॅसिप्ट’ या ग्रंथालयाच्या साहाय्याने मूल्ये गूढलिपीत ठेवण्याचा पर्याय आला. तेथे पुन्हा ती उलगडणारी मुख्य किल्ली हवी; आणि ती बहुधा यंत्राच्या परिसरचलात, म्हणजे कार्यक्रमाला सुरू होताना मिळणाऱ्या मूल्यांत, ठेवली जाई. इ. स. २०११ मधील ‘बारा सूत्रां’च्या मांडणीने विन्यास परिसरचलांत ठेवण्याची शिफारस केल्यावर ही प्रथा अधिकच दृढ झाली. परंतु परिसरचले त्या कार्यक्रमाने सुरू केलेल्या उपकार्यक्रमांनाही वारसाने मिळतात, आणि दोषनिदानाच्या अहवालांत सहज उतरतात. तिजोरीची किल्ली उंबऱ्याखालून काढून खुंटीला टांगावी, त्यातलाच हा प्रकार.

४

या काळात हानीचे स्वरूपही पालटले. सहकार्याने कार्यक्रम लिहिण्यासाठी सामायिक भांडारे रूढ झाली, आणि त्यांत एकदा गेलेला मजकूर जुन्या आवृत्त्यांच्या रूपाने कायम राहू लागला. इ. स. २०१६ मध्ये ‘उबर’ या कंपनीच्या खाजगी भांडारात घुसलेल्या दोघांना ॲमेझॉनच्या सेवेची किल्ली मिळाली, आणि तिच्या जोरावर ५ कोटी ७० लाख व्यक्तींची माहिती त्यांच्या हाती पडली. कंपनीने ही गोष्ट इ. स. २०१७ च्या नोव्हेंबरात प्रकट केली. उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी इ. स. २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लाखाहून अधिक सार्वजनिक भांडारांत अशी गुपिते आढळली, व रोज हजारो नवी त्यांत पडत असल्याचे दिसून आले. यावरून हा दोष एखाद्या व्यक्तीच्या निष्काळजीपणाचा नसून पद्धतीचा आहे, हे स्पष्ट होते.

मिचेल हाशिमोतो व आर्मोन दादगर यांच्या ‘हॅशिकॉर्प’ कंपनीने इ. स. २०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्ट प्रसिद्ध केले, ते या पार्श्वभूमीवर. त्यात चार कल्पना एकत्र आल्या. पहिली, गुपिते एकाच ठिकाणी गूढलिपीत साठवावीत, आणि मूळ किल्लीचे शामीर-पद्धतीने वाटे पाडावेत. सामान्यतः पाच वाटे असतात, व त्यांपैकी तीन जमल्याशिवाय कोठार उघडत नाही. दुसरी, प्रत्येक मागणी ओळखपत्र पाहून व धोरणाशी ताडून मगच पुरवावी. तिसरी, प्रत्येक मागणीची नोंद ठेवावी. चौथी व सर्वांत महत्त्वाची, गुपिताला मुदत असावी : विदासंग्रहाचे नाव व परवलीचा शब्द मागणीच्या क्षणी नव्याने निर्माण व्हावा, आणि मुदत संपताच रद्द व्हावा. त्याच सुमारास व पुढे ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनीही आपापल्या सेवा सुरू केल्या.

५

कॅमलमध्ये या सेवांचा प्रवेश क्रमाने झाला. ॲमेझॉनच्या सेवेसाठी ३.९ या आवृत्तीत, म्हणजे इ. स. २०२१ मध्ये, घटक आला, गूगलसाठी ३.१६ मध्ये, मायक्रोसॉफ्टसाठी ३.१७ मध्ये, आणि हॅशिकॉर्प व्हॉल्टसाठी इ. स. २०२२ मधील ३.१८ या आवृत्तीत. या जोडणीची दोन अंगे आहेत. एका अंगाने मार्गात स्वतंत्र टोक म्हणून व्हॉल्टला योजून गुपित निर्माण करणे, वाचणे, पुसणे वा त्यांची यादी मागणे ही कामे करता येतात. दुसरे अंग अधिक वापराचे : पूर्वी ज्या दुहेरी महिरपी कंसांत प्रॉपर्टीज लेखातील नाव लिहीत, तेथेच आता सेवेचे नाव, कोठारातील कप्पा व गुपिताचे नाव लिहावयाचे, मार्ग सुरू होताना कॅमल ते मूल्य स्वतः आणतो. जुन्या मार्गांची रचना न बदलता गुपिताचे ठिकाण तेवढे बदलता आले, हे या योजनेचे मर्म होय.

परंतु येथेच दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला कालाचा. कंसांतील मूल्य मार्ग सुरू होताना एकदा घेतले जाते. नंतर कोठारात शब्द बदलला, तर चालू मार्ग जुनाच शब्द उच्चारीत राहतो, आणि दार बंद होते. मुदतीचे गुपित व दीर्घकाळ चालणारा दूत यांचा हा अंगभूत विसंवाद आहे. म्हणून ॲमेझॉन, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवांसाठी गुपित बदलल्याची वार्ता ऐकून सर्व मार्ग पुन्हा उभारण्याची सोय कॅमलमध्ये करण्यात आली. दुसरा प्रश्न मुळाचा. व्हॉल्टकडे जाण्यासाठी कॅमलला ओळखपत्र लागते, आणि ते देण्याचा एक दस्तुरी मार्ग परिसरचलांचाच आहे. ज्या खुंटीवरून किल्ल्या काढल्या, त्याच खुंटीवर आता कोठाराची एक किल्ली टांगली गेली! व्यवसायात या पेचाला ‘शून्यावे गुपित’ म्हणतात. त्याचे खरे उत्तर आणखी एक गुपित निर्माण करण्यात नाही. कार्यक्रम ज्या यंत्रभूमीवर चालतो तिनेच त्याच्या ओळखीची ग्वाही देण्यात आहे. ॲमेझॉनच्या बाबतीत कॅमल अशी ग्वाही स्वीकारू शकतो. व्हॉल्टमध्येही कुबर्नेटीस वा मेघसेवा यांच्या साक्षीवर ओळखपत्र देण्याच्या पद्धती आहेत.

६

कोठारावरील विश्वासाला केवळ गणित पुरत नाही, हे पुढील घटनांनी दाखविले. इ. स. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्पने आपल्या उत्पादनांचा मुक्त परवाना बदलून निर्बंधयुक्त परवाना स्वीकारला. त्यावर व्हॉल्टच्या पूर्वीच्या मुक्त मजकुरातून ‘ओपनबाओ’ हा प्रकल्प लिनक्स प्रतिष्ठानच्या आश्रयाने उभा राहिला, आणि इ. स. २०२५ मध्ये हॅशिकॉर्प आयबीएमच्या स्वामित्वाखाली गेली. सर्व गुपिते एका ठिकाणी ठेवली म्हणजे त्या ठिकाणाचा धनी कोण, हा प्रश्नही सुरक्षिततेचाच भाग बनतो. कॅमलसारख्या चौकटीने एकाच पद्धतीत अनेक सेवांना स्थान दिले, याचे महत्त्व या दृष्टीने अधिक आहे.

एवंच, सीटीएसएसच्या उघड्या यादीपासून व्हॉल्टच्या मुदतबंद किल्लीपर्यंतच्या प्रवासात गुपित नाहीसे कधीच झाले नाही. त्याचे केवळ स्थलांतर होत गेले. म्हणून अमुक जोडणीने परवलीचा शब्द ‘काढून टाकला’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि सर्व स्थलांतरे सारखी नसतात. प्रॉपर्टीज लेखातील शब्द कोणी, केव्हा वाचला, हे कोणालाच सांगता येत नसे, आणि फुटलेला शब्द बदलण्यासाठी तो जेथे जेथे लिहिला होता ते प्रत्येक ठिकाण शोधावे लागे. आता वाचणाऱ्याची नोंद राहते, बदल एका ठिकाणी करता येतो, आणि मुदतीचे गुपित फुटले तरी हानीला काळाची मर्यादा पडते. सीटीएसएसवरील त्या दुपारी यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती. या जोडणीचे मूल्यमापन करावयाचे ते या तीन गोष्टींवरून. आणि जेथे कोठाराची पहिली किल्ली अजून परिसरचलात टांगलेली आहे, तेथे काम अपुरे राहिले आहे, असेच म्हटले पाहिजे.