विष आधी भिंतीवर आलं, मग वावरात, शेवटी अंगणात

पाऊस लागला की अनसिंग भागात घराभोवती, गोठ्यामागं, रस्त्याच्या कडेला गवत दाटतं. निंदायला माणूस मिळत नाही. मग वावरातून उरलेलं तणनाशक पंपात भरून अंगणातच मारलं जातं. ही सवय आली कुठून, ते आज पाहू.

डीडीटी किडे मारतं हे १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी शोधलं. १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. भारतात १९५३ पासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. हिवताप कमी झाला, माणसं वाचली. फवाऱ्यावर विश्वास बसायला हे मोठं कारण होतं. आजही आपण विषाला 'औषध'च म्हणतो.

धक्का लवकरच बसला. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेलं पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसं दगावली. त्यातूनच पुढं १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. १९८९ मध्ये शेतीतला डीडीटीचा वापर बंद झाला.

आपल्या शेजारची गोष्ट तर ताजी आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून जास्त जीव गेले. त्यानंतर शासनानं पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. त्या पाच जिल्ह्यांत आपला वाशिमही होता.

पण वावरात निदान पीक तरी वाचवायचं असतं. अंगणात कोणतं पीक आहे? तिथं लेकरं मातीत खेळतात, कोंबड्या चरतात, ढोरं बांधलेली असतात. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीला वापरला, तर पानं बोटांसारखी चिरतात. आणि तरोटा, केना, चिवळ या रानभाज्या फवाऱ्यात आधी जातात.

कॅनडात हडसन नावाचं छोटं गाव आहे. तिथं हिरवळीवर केवळ शोभेसाठी फवारणी चालायची. डॉ. जून अर्विन या त्वचारोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं गावसभेत हा प्रश्न मांडत राहिल्या. १९९१ साली गावानं शोभेच्या फवारणीवर बंदी घातली, शेतकऱ्यांना त्यातून सूट दिली. फवारणी कंपन्या कोर्टात गेल्या, पण २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. शेती वेगळी, अंगण वेगळं, हे एका गावानं ठरवलं आणि ते टिकलं.

आपल्याकडं अंगणातली मोठी तक्रार गाजर गवताची. १९५०च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि देशभर पसरलं. त्यावर १९८४ साली बंगळुरूत मेक्सिकन भुंगा सोडण्यात आला. तो फक्त गाजर गवत खातो असं म्हटलं तरी चालेल. उन्हाळा जमिनीत काढतो आणि पावसात वर येतो. आपण नेमकं तेव्हाच फवारतो! तरोटाही गाजर गवताला दाबतो. म्हणून अंगणात तरोटा उपटण्याआधी विचार करा.

करायचं काय? गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. वाटेवर गवताचं किंवा तुराट्यांच्या भुश्श्याचं आच्छादन टाका. उरलेलं गवत विळ्यानं कापा. भुंगे दिसले तर त्या जागी पंप नेऊच नका. आणि पुढच्या ग्रामसभेत एक विषय मांडा: शाळा, अंगणवाडी आणि विहिरीभोवती तणनाशक मारायचं नाही.

अंगणात विष सगळ्यात शेवटी आलं. तिथून ते काढणं सगळ्यात सोपं आहे, कारण त्यात एका क्विंटलचंही नुकसान नाही.