‘क्रमांक एक’चा स्मार्टफोन : विक्रीचे आकडे कसे तोलावेत?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर स्थानकातून बाहेर पडावे आणि मोबाइलच्या दुकानांवरील फलक वाचीत चालावे. एका दुकानावर एका कंपनीने स्वतःला देशातील क्रमांक एक म्हणवून घेतलेले असते. चार दुकाने ओलांडावीत, तर तोच मान दुसऱ्याच कंपनीने घेतलेला दिसतो. दोघांपैकी एक जण खोटे बोलत असणार, असे वाचणाऱ्याला साहजिकच वाटते. पण दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

जुलै ते सप्टेंबर २०२० या तिमाहीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. भारतात त्या तीन महिन्यांत कोणाचे स्मार्टफोन सर्वाधिक गेले, याचा अंदाज तीन नामांकित संशोधन संस्थांनी प्रसिद्ध केला. काउंटरपॉइंटने सॅमसंगला २४ टक्के वाटा देऊन पहिला क्रमांक दिला आणि शाओमीला २३ टक्क्यांवर दुसरा. कॅनलिसच्या हिशेबात शाओमी २६.१ टक्क्यांसह पहिली होती आणि सॅमसंग २०.४ टक्क्यांवर. आयडीसीनेही शाओमीलाच पहिले स्थान दिले, पण अंतर कमी दाखवले : शाओमी सुमारे २५ टक्के, सॅमसंग २२.३ टक्के. बाजार एकच, महिने तेच, कंपन्याही त्याच.

टक्के बाजूला ठेवून नगांकडे पाहिले, की फरक कोठे आहे ते कळते. शाओमीबाबत कॅनलिस आणि आयडीसी यांच्यात फारसा वाद नव्हता. एकाचा अंदाज १ कोटी ३१ लाखांचा, तर दुसऱ्याचा १ कोटी ३५ लाखांचा. सॅमसंगबाबत मात्र एकाने १ कोटी २ लाख धरले आणि दुसऱ्याने १ कोटी २१ लाख. एकूण बाजारही सारखा नव्हता. कॅनलिसच्या मते त्या तिमाहीत ५ कोटी फोन बाजारात आले, आयडीसीच्या मते ५ कोटी ४३ लाख. म्हणजे ज्या भाजकाने भागायचे तोच ४३ लाखांनी वेगळा. ही मोजदाद नसून अंदाज आहेत, ही गोष्ट बातमीच्या मथळ्यात कधीच येत नाही. वितरक, सुट्या भागांचे पुरवठादार, आयातीच्या नोंदी आणि खुद्द कंपन्या यांच्याकडून मिळेल ती माहिती जुळवून हे अंदाज बांधले जातात, आणि पुढच्या तिमाहीत मागचे आकडे सुधारलेही जातात. अशा वेळी २४ आणि २३ यांतील एका टक्क्याच्या जोरावर कोणाला विजयी घोषित करणे धाडसाचे आहे.

तथापि अंदाजातील चूक हा भाग तुलनेने किरकोळ आहे. मुख्य प्रश्न असा, की फोन ‘विकला गेला’ असे नेमके केव्हा म्हणायचे? त्यासाठी एका डब्याचा प्रवास पाहू. कंपनीच्या गोदामातून तो वितरकाकडे जातो. व्यापाराच्या भाषेत ही प्राइमरी विक्री. समजा, हा वितरक उल्हासनगरात आहे आणि तो अंबरनाथ, बदलापूरच्या दुकानांना माल पुरवतो. वितरकाकडून दुकानदाराकडे जाते ती सेकंडरी. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती डबा दिला, की ती टर्शरी. संशोधन संस्थांच्या बहुतेक तिमाही बातम्या ‘शिपमेंट’च्या, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या असतात. काही संस्था मात्र शेवटच्या पायरीवर, ग्राहकाने खरेदी केलेला फोन मोजतात. एका कंपनीचा पहिल्या पायरीवरचा आकडा आणि दुसरीचा तिसऱ्या पायरीवरचा आकडा शेजारी ठेवणे म्हणजे एकाने पेरलेले बियाणे आणि दुसऱ्याने घरी आणलेले पीक एकाच तराजूत घालण्यासारखे आहे.

या पायऱ्यांमधील अंतर सणासुदीला सर्वांत जास्त वाढते. २०२० मध्ये लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. दिवाळीत विकायचा माल ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच दुकानात भरला जातो. साहजिकच कंपनीच्या वहीत तो जुलै-सप्टेंबर तिमाहीत जमा होतो, गिऱ्हाइकाच्या खिशात मात्र पुढच्या तिमाहीत येतो. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या अखेरीस येते (२०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते), तर कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. त्यामुळे एका वर्षीच्या ऑक्टोबरची दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलनासुद्धा सरळ राहत नाही. सणाचे दोन्ही महिने एकत्र घेतले तरच ती काही सांगते.

हा निव्वळ अभ्यासकांचा वाद नव्हे. त्यात दुकानदाराचे पैसे अडकतात. समजा, बदलापूर पूर्वेच्या एका छोट्या दुकानदाराने ‘अमुक कंपनी क्रमांक एकवर’ ही बातमी वाचून, आणि वितरकाने पुढे केलेल्या जादा कमिशनच्या स्कीमला भुलून, एका मॉडेलचे चाळीस नग उचलले. कंपनीच्या दृष्टीने हे चाळीस फोन केव्हाच ‘विकले’ गेले. दिवाळी सरते, बारा फोन फळीवर राहतात, नवे मॉडेल येते आणि जुन्याची किंमत उतरते. किमतीतील फरक भरून मिळाला तर ठीक. न मिळाला तर तो नुकसानीचा धंदा. तिमाहीच्या बातमीत या बारा फोनांची नोंद कंपनीच्या यशात झालेली असते. दुकानदाराला उपयोगाचा आकडा कोणता, हे यावरून स्पष्ट व्हावे : वितरकाने किती माल उचलला हा नव्हे, तर आपल्यासारख्या दुकानांतून आठवड्याला किती फोन प्रत्यक्ष बाहेर पडतात हा.

असा गोंधळ मोठ्या प्रमाणावरही झालेला आहे. २०११ च्या आरंभी सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब या टॅब्लेटचे वीस लाख नग गेल्याचा आकडा जगभर गाजला. हा आकडा दूरसंचार कंपन्यांना आणि विक्रेत्यांना पुरवलेल्या मालाचा असल्याचे नंतर कंपनीकडूनच स्पष्ट झाले. याच्या उलट बाजूनेही युक्तिवाद होतो. ऑक्टोबर-डिसेंबर २०१७ या तिमाहीत कॅनलिस आणि काउंटरपॉइंट या दोन्ही संस्थांनी शाओमीने भारतात सॅमसंगला मागे टाकल्याचे सांगितले; तेव्हा सॅमसंगने जीएफके या संस्थेच्या, ग्राहकाला झालेल्या विक्रीच्या आकड्यांचा आधार घेऊन आपणच पुढे असल्याचे ठासून मांडले. ग्राहकापर्यंत पोहोचलेला फोन मोजणे तत्त्वतः अधिक योग्यच. पण ही मोजणी ठरावीक दुकानांच्या नमुन्यावरून होते, आणि नमुन्यात दुकानेच अधिक असतील, तर संकेतस्थळावरून विकला जाणारा फोन त्यात कमी दिसणार. शाओमी जुलै २०१४ मध्ये भारतात आली तीच मुळी ऑनलाइन विक्रीच्या मार्गाने. त्या काळात अंबरनाथच्या दुकानांतून फिरून कोणी अंदाज बांधला असता, तर ही कंपनी अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष निघाला असता! उलट, ऑनलाइन सवलतीत घेतलेले फोन दुकानाच्या काउंटरवरून पुन्हा विकले जाण्याचेही प्रकार घडतात. तेथे एक फोन दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

गावनिहाय तुलना तर याहून अवघड. बदलापूरहून रोज लोकलने मुंबईला जाणारा नोकरदार फोन ठाण्यात किंवा दादरला घेतो; वापरतो मात्र बदलापुरात. विक्री कोणत्या शहराच्या नावे लिहायची?

काय मोजले, यावरही क्रमांक बदलतो. एप्रिल-जून २०१४ मध्ये काउंटरपॉइंटच्या एकाच अहवालात दोन विजेते होते. सर्व प्रकारचे मोबाइल एकत्र धरले, तर मायक्रोमॅक्स १६.६ टक्क्यांसह पहिली आणि सॅमसंग १४.४ टक्क्यांवर दुसरी. केवळ स्मार्टफोन धरले, तर सॅमसंग २५.३ टक्के आणि मायक्रोमॅक्स १९.१ टक्के. ‘भारतीय कंपनीने सॅमसंगला मागे टाकले’ हा मथळा पहिल्या आकड्यावर उभा होता. सहा महिन्यांनी मात्र खुद्द स्मार्टफोनमध्येच मतभेद झाला : ऑक्टोबर-डिसेंबर २०१४ साठी कॅनलिसने मायक्रोमॅक्सला २२ आणि सॅमसंगला २० टक्के दिले, तर आयडीसीने सॅमसंगला २२ आणि मायक्रोमॅक्सला १८. पुढे २०१७ मध्ये जिओफोन आला. त्यात इंटरनेट, व्हॉट्सॲप सारे काही चालू लागले, पण कळफलक बटणांचा. त्याची गणना फीचर फोनमध्येच झाली. सीमारेषा कोठे आखायची हा संस्थेचा निर्णय असतो. तो सर्वांना सारखाच लागू केला तर तक्रारीला जागा नाही.

आता वाढीच्या टक्क्यांकडे वळू. येथे आपल्या तीन शहरांचेच उदाहरण घेता येईल. २००१ ते २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७४ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेली, अंबरनाथची सुमारे २ लाख ४ हजारांवरून अडीच लाखांच्या थोडी पुढे, तर कुळगाव-बदलापूरची सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर. ‘सर्वांत मोठे कोण?’ याचे उत्तर उल्हासनगर. ‘सर्वांत वेगाने कोण वाढले?’ याचे उत्तर बदलापूर. तेथे वाढ जवळपास ७८ टक्के, उल्हासनगरात ती ७ टक्क्यांच्याही आत. दहा वर्षांनंतरही बदलापूर उल्हासनगरच्या जेमतेम एक तृतीयांश होते, ही वस्तुस्थिती ७८ टक्क्यांच्या आड दडते. मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातीत ‘सर्वांत वेगाने वाढणारा ब्रँड’ हे शब्द दिसले, की वाचकाने बदलापूर आठवावे. (बदलापूरकरांनी राग मानू नये, त्यांच्या शहराची भर नगांतही सर्वांत मोठी, ७६ हजारांची होती. कंपन्यांच्या बाबतीत नेहमी तसे नसते.)

आधारवर्ष पडलेले असेल, तर वाढ फुगते. टाळेबंदीमुळे एप्रिल-जून २०२० मध्ये देशात अवघे १ कोटी ८२ लाख स्मार्टफोन गेल्याचा आयडीसीचा अंदाज होता. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत ३ कोटी ४० लाख गेले आणि ‘८६ टक्के वाढ’ झाली. मात्र २०१९ च्या त्याच तिमाहीत ३ कोटी ६९ लाख गेले होते. दोन वर्षांचा हिशेब केला तर बाजार वाढला नव्हता, घटला होता.

नग मोजायचे की रुपये, हा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. एका दुकानातून दहा हजारांचे दहा फोन गेले आणि ऐंशी हजारांचे दोन, तर नगांत पहिली कंपनी पाचपट पुढे. रुपयांत मात्र दुसरीची विक्री १ लाख ६० हजारांची, पहिलीची लाखाची. जुलै-सप्टेंबर २०२४ मध्ये काउंटरपॉइंटच्या अंदाजानुसार भारतात नगांत विवो १९ टक्क्यांसह पहिली होती. मूल्याच्या हिशेबात सॅमसंग सुमारे २३ टक्क्यांसह पहिली आणि ॲपल सुमारे २२ टक्क्यांसह दुसरी. नगांच्या यादीत हीच ॲपल पहिल्या पाचांतही नव्हती. कारखान्यांना आणि सुटे भाग बनवणाऱ्यांना नग महत्त्वाचे, भागधारकाला रुपये, आणि दुकानदाराला दोन्हींपेक्षा सुटणारा नफा.

याशिवाय घराण्यांचा घोळ आहेच. रेडमी आणि पोको हे शाओमीच्या खात्यात मोजले जातात. विवो, ओप्पो आणि रिअलमी यांची मुळे बीबीके या एकाच चिनी उद्योगसमूहात. तरी यादीत तिघांना तीन जागा मिळत आल्या आहेत. कॅनलिसच्या २०२० मधील त्याच यादीत विवो १७.६, रिअलमी १७.४ आणि ओप्पो १२.१ टक्के होती. तिघींची बेरीज ४७ टक्क्यांवर जाते, म्हणजे ‘पहिल्या’ शाओमीच्या पाऊणेदोन पटीहून अधिक. एकीकडे उपब्रँड जोडायचे आणि दुसरीकडे तोडायचे, हे प्रस्तुत लेखकाला न्यायाचे वाटत नाही. निदान जोडले की तोडले, एवढे तरी यादीखाली लिहावे.

उल्हासनगरसारख्या व्यापारी शहरात आणखी एक मोठा प्रवाह या सर्व आकड्यांच्या बाहेरून वाहतो, तो जुन्या, दुरुस्त केलेल्या फोनांचा. असा फोन हाती घेणाऱ्याच्या लेखी तो नवाच. कंपनीच्या विक्रीत त्याची नोंद काही वर्षांपूर्वी एकदाच झालेली असते. त्यामुळे ज्या कंपनीचे फोन अधिक टिकतात आणि हातोहात फिरतात, तिचे वापरकर्ते विक्रीच्या मानाने जास्त असतात. आयएमईआय या १५ अंकी ओळखक्रमांकावरून मोजावे म्हटले, तर दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तेथेही दुप्पट मोजणीचा सापळा आहेच.

खऱ्या आकड्यांचे मालक असलेल्या कंपन्यांनी तोंड मिटून घेतल्यामुळे हे सारे अंदाजांवर चालते. सॅमसंगने २०११ मध्येच हँडसेटची तिमाही संख्या जाहीर करणे थांबवले. ॲपलनेही आयफोनचे नग यापुढे सांगणार नसल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले. ॲपलचे आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते, आपल्याकडील कंपन्यांचे मार्चअखेर, हेही ताळेबंद शेजारी ठेवताना विसरून चालत नाही.

जाहिरातींबाबत मात्र वाचकाच्या हाती एक साधन आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ‘एएससीआय’च्या संहितेनुसार, एखादा दावा स्वतंत्र संशोधनाच्या आधारे केला असेल, तर त्या संशोधनाचा स्रोत आणि तारीख जाहिरातीत देणे अपेक्षित असते. ‘क्रमांक एक’ या मोठ्या अक्षरांच्या शेजारी असलेली छोटी फुली शोधावी आणि फलकाच्या तळाशी त्याच खुणेची ओळ वाचावी. संस्था कोणती, तिमाही कोणती, नग की मूल्य, पाठवलेला माल की ग्राहकाला झालेली विक्री, आणि किमतीचा एखादाच गट धरला आहे का, हे बहुधा तेथे लिहिलेले असते. फलक फार उंचावर असेल, तर दुकानदाराला विचारावे. त्याला तो आकडा ठाऊक नसला, तरी गेल्या महिन्यात आपल्या काउंटरवरून कोणते फोन गेले आणि कोणते दुरुस्तीला परत आले, हे तो निश्चित सांगू शकेल.