बाळबोध, मोडी आणि माउसची रेघ

मोडी लिपीचा इतिहास शिकवताना आम्ही वर्गात एक प्रश्न हमखास विचारतो : बाळबोध लिपी हाताशी असताना कारकुनाला दुसरी लिपी का लागली? उत्तर एका शब्दात देता येते, ते म्हणजे वेग. हाच प्रश्न अलीकडे एका वेगळ्याच ठिकाणी आमच्यासमोर उभा राहिला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांचे आराखडे करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे काम आम्ही पाहत होतो. सॉलिडवर्क्स या प्रणालीत तो माउसचे उजवे बटण दाबून एका दिशेने छोटीशी रेघ ओढी आणि आज्ञा पूर्ण होई. त्याने हात सावकाश चालवला, तेव्हा आम्हांला दिसले की बाणाभोवती आज्ञांचे एक वर्तुळ उमटते आणि त्याची रेघ त्यातल्या एका घराकडे जाते.

या वर्तुळाला स्वतःचा इतिहास आहे. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेखाटन करण्याची किमया इव्हान सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने १९६३ मध्ये दाखवली. पुढे आज्ञा वाढल्या, त्यांच्या उभ्या याद्या झाल्या आणि यादीतले तळाचे नाव गाठण्यात वेळ जाऊ लागला. १९८८ मध्ये कॅलाहन, हॉपकिन्स, वायझर आणि श्नायडरमन यांनी उभी यादी आणि वर्तुळाकार यादी यांची तुलना केली. वर्तुळात निवड सुमारे १५ टक्के लवकर होते, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे : वर्तुळातील प्रत्येक घर मध्यापासून सारख्याच अंतरावर असते, बदलते ती केवळ दिशा, आणि दिशा हाताच्या लक्षात राहते.

या निरीक्षणाला सिद्धांताचे रूप दिले ते गॉर्डन कुर्टेनबाख यांनी, टोरांटो विद्यापीठातील १९९३ च्या आपल्या प्रबंधात. त्यांच्या ‘मार्किंग मेन्यू’त नवशिक्या क्षणभर, म्हणजे सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा, थांबतो, मग वर्तुळ दिसते आणि तो पाहून निवड करतो. जाणकार थांबत नाही, न पाहताच रेघ ओढतो. मात्र दोघांच्या हाताची हालचाल एकच असते. नवशिक्याची प्रत्येक निवड ही जाणकार होण्याचा सराव ठरते. नेहमीच्या वापराच्या पाहणीत रेघेने केलेली निवड यादीतून केलेल्या निवडीपेक्षा सरासरी साडेतीन पट जलद ठरली. पुढे १९९८ च्या ‘माया’ या प्रणालीत हे तत्त्व रुजले. २०१० पासून सॉलिडवर्क्समध्येही माउसच्या रेघांची सोय झाली.

येथे आम्हांला मोडी आठवते. मोडीचे जनकत्व परंपरा हेमाद्रीपंतांकडे देते. ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री. ती देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, या शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. विद्वानांत या श्रेयाविषयी मतभेद असले तरी मोडीचे प्रयोजन वादातीत आहे. आधी आडवी रेघ आखून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे ओढत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडायचा, शब्दांमधले अंतरही सोडायचे. परंतु बाळबोधातून मोडीत जाणे म्हणजे दुसऱ्यांदा शिकणे होते. ज्याचा हात बाळबोधात तयार झाला, त्याला मोडीसाठी नवी वळणे गिरवावी लागत. कुर्टेनबाख यांनी ही दुसरी शाळाच काढून टाकली. त्यांच्या पद्धतीत बाळबोध गिरवता गिरवताच मोडी येते.

आता प्रश्न स्वतःच्या वळणाचा. सॉलिडवर्क्समध्ये कोणत्या दिशेला कोणती आज्ञा असावी, हे वापरणारा स्वतः ठरवतो. सुटा भाग, जुळणी, आरेखन यांसाठी निरनिराळी वर्तुळे रचता येतात. २०१८ पासून घरांची संख्या २, ३, ४, ८ किंवा १२ अशी निवडता येते. घरे वाढली की दिशा एकमेकींना खेटतात आणि हात चुकतो, म्हणून आमचा विद्यार्थी आठांवरच थांबला होता. शेजारच्या सहकाऱ्याच्या संगणकावर बसला की मात्र तो अडखळे. हे दृश्य मोडीच्या वाचकाला परके नाही. पेशवाईत चिटणिसी, रानडी अशी वळणे होती, शिवाय प्रत्येक लेखकाचा हात निराळा. लिहिणाऱ्याने वाचवलेला वेळ वाचणाऱ्याला भरून द्यावा लागे, आणि तो आजही द्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल मात्र जाणकारांची वाट पाहत आहेत.

असे असले तरी दोहोंत एक निर्णायक भेद आहे. मोडीतली घाई कागदावर उरते. माउसची रेघ आज्ञा होताच विरून जाते. तयार आराखडा कोणालाही सारखाच वाचता येतो, त्यात कारागिराच्या हाताची खूण राहत नाही. म्हणून येथे स्वतःचे वळण घडवण्याचे स्वातंत्र्य निर्धोक आहे, त्याचा भार पुढच्या वाचकावर पडत नाही. पण याच कारणाने या हातांचा इतिहासही लिहिता येणार नाही. मोडीच्या फर्राट्यावरून आपण लेखकाचा काळ ओळखतो. या रेघांवरून पुढे कोण काय ओळखणार? सॉलिडवर्क्समध्ये रेघांचा तक्ता छापून घेता येतो. विद्यार्थ्याने तो नव्या उमेदवारांसाठी भिंतीवर लावला होता. आम्ही त्याची एक प्रत मागून घेतली आणि वर्गातल्या मोडी वर्णमालेच्या तक्त्याशेजारी लावली आहे.